धूर मागू नका, किल्ली मागा

पत्र

आमची वाडी देवगड तालुक्यात, खाडीच्या तोंडाशी. ४२ उंबरे, त्यातले ११ फक्त चतुर्थीला आणि मे महिन्यात उघडतात. गेल्या वर्षी गणपती गेले आणि म्हाळाच्या दिवसांत, म्हणजे पितृपक्षात, वाडीत एकामागोमाग एक सात जण तापाने पडले. माझ्या मुलाची खासगी लॅबमधली डेंग्यूची टेस्ट पॉझिटिव्ह आली, पण आरोग्य केंद्राच्या कागदावर वाडीत डेंग्यूचा रुग्ण एकच. लोक म्हणतात, आकडे लपवतात. मी ग्रामपंचायत सदस्य आहे, त्यामुळे येता-जाता सगळे मलाच विचारतात, "फवारणी कधी?" आशाताई बॅरल रिकामी करायला सांगतात, तर सासूबाई त्यांच्या अंगावर जातात. आमच्या घराला लागून चुलत दिरांचं बंद घर आहे. मागे सिमेंटची उघडी टाकी, पडवीत काय काय भरलेलं. जमिनीचा दावा कोर्टात, बोलणं बंद. त्यांच्या आवारात पाऊल टाकलं तर उद्या दुसरी केस. यंदा काय करू?

एक वाडीकर सून

उत्तर

ताई,

तुमच्या पत्रातल्या 'म्हाळाच्या दिवसांत' या शब्दांखाली मी पेन्सिलीने रेघ मारली. बाकीचं नंतर, आधी एवढा हिशोब बघा.

चाकरमानी चतुर्थीच्या आदल्या दिवशी मुंबईहून उतरतो. अंगात किंचित कसर असते, प्रवासाचा शीण म्हणून तो दुर्लक्ष करतो. खरं तर डेंग्यूचा विषाणू त्याच्या रक्तात आलेला असतो. ताप चढण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून पुढे चार-पाच दिवस त्याला चावणारा एडिस डास तो विषाणू उचलतो. पण तो डास लगेच दुसऱ्याला आजार देऊ शकत नाही. विषाणू त्याच्या पोटातून लाळेपर्यंत पोचायला ८ ते १२ दिवस लागतात. मग तो ज्याला चावेल त्याला ताप यायला आणखी ४ ते १० दिवस. बेरीज करा: १२ ते २२ दिवस. चतुर्थीपासून मोजलंत तर बरोबर पितृपक्षात येता. गावाला वाटतं, हवा बदलली, नवीन पाणी बाधलं, कोणी म्हणतं गावच्या राखणदार देवाचं काही राहिलं असेल. त्या डासाची अंडी मात्र श्रावणातच कोणाच्या तरी परसात घातली गेलेली असतात.

म्हणजे चाकरमान्याचा दोष नाही. तो ताप घेऊन आला, पण तो पसरवायला लागणारा डास वाडीने आधीच पाळून ठेवला होता. तुमच्या हातात दुसरी गोष्ट आहे, पहिली नाही.

आता फवारणी. लोक मागतात ती धूर फवारणी, आणि मागतात कारण ती दिसते. आवाज येतो, वास येतो, सदस्याने काहीतरी केलं असं वाटतं. आरोग्य खात्यात नोकरीला असताना मी त्या मशीनच्या मागून पुष्कळ चालले आहे. आम्ही गल्लीच्या तोंडाशी आलो की घरोघरची दारं-खिडक्या धडाधड बंद व्हायच्या, धूर आत येऊ नये म्हणून. आणि एडिस कुठे बसलेला असायचा? आत. खुंटीवरच्या कपड्यांमागे, पलंगाखाली, देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात. आम्ही रस्ता धुरावून पुढे जायचो. शिवाय धूर मारतो उडणाऱ्या डासाला. पाण्यातल्या अळीला आणि भांड्याच्या कडेला चिकटलेल्या अंड्याला त्याचं काही होत नाही, आठवड्याभरात नवी पिढी हजर. साथ पेटलेली असताना, रुग्णाच्या घरात आणि आजूबाजूच्या घरांत आतून फवारणी केली तर तिला अर्थ आहे. तेव्हा "फवारणी कधी?" विचारणाऱ्याला सांगा, रुग्ण निघाला तर त्याच दिवशी आणि घराच्या आत, दारं उघडी ठेवायची तयारी असेल तर. निम्मे तिथेच गप्प होतील.

सासूबाईंकडे वळते. त्यांचं मला मनापासून पटतं. कोकणात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि मार्च संपता संपता विहिरीचा तळ दिसतो, नळाला एक दिवसाआड पाणी. ज्या बाईने उन्हाळ्यात डोक्यावरून हंडे वाहिले, तिच्यापुढे भरलेलं बॅरल उपडं करायला सांगणं म्हणजे तिचा अपमान आहे. मला एका आजीने विचारलं होतं, "माझा पाणी ओतूक तू कोण गो?" मला उत्तर सुचलं नव्हतं. नंतर शिकले की 'ओता' हा शब्दच वापरायचा नाही.

असं करा. दोन बॅरल असतील तर एक आधी वापरून संपवायचं, दुसऱ्याला हात लावायचा नाही. पहिलं तळाला आलं की उरलेलं पाणी पोफळीच्या, नाहीतर कलमाच्या मुळाशी. मग काथ्याने आतली भिंत घासायची, विशेषतः पाण्याची रेघ जिथे असते त्याच्या वरची चार बोटं. नुसतं विसळून भागत नाही. एडिसची मादी अंडी पाण्यात घालत नाही, पाण्याच्या जरा वर ओलसर भिंतीवर चिकटवते. काळे, बारीक, मोहरीपेक्षाही लहान ठिपके. ती अंडी कोरड्यात महिनोन्‌महिने जिवंत राहतात. मे महिन्यात रिकामं पडलेलं बॅरल जूनमध्ये पहिल्या पागोळीने भरलं की जुनीच अंडी फुटतात. लोक म्हणतात, "पाणी तर कालच भरलं, अळ्या कुठून आल्या?" त्या बॅरलमध्ये होत्याच. घासलेलं पाणी विहिरीकडे किंवा दुसऱ्या भांड्याकडे वाहू देऊ नका, कोरड्या मातीवर जाऊ दे.

मग बॅरल भरून तोंडावर जुन्या लुंगीचं किंवा धोतराचं कापड, सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून बांधायची. कापड खाली लोंबून पाण्याला टेकता कामा नये. आठवड्यातून एक वार ठरवा. अंड्यापासून डास व्हायला आपल्याकडच्या उष्म्यात साधारण ७ ते १० दिवस लागतात, म्हणून आठवडा. खात्याच्या भाषेत 'कोरडा दिवस'. पण हा शब्द सासूबाईंसमोर काढू नका, दारूबंदी वाटते. सोमवारी उपास असतो ना? सोमवारी बॅरल, एवढंच म्हणा.

आणि एक गंमत त्यांना दाखवा. पांढऱ्या वाडग्यात बॅरलचं पाणी घ्या आणि बॅटरी मारा. अळ्या उजेडाला बिचकून खाली पळतात, मिनिटभर थांबलात की एकेक करून श्वास घ्यायला वर येतात. पाण्याला समांतर, आडवी पडून राहिली तर ती हिवतापाच्या अॅनाफिलीसची. शेपटीकडची नळी वर लावून तिरकी लोंबली तर एडिस किंवा क्युलेक्स, हा हत्तीरोगाचा डास. एडिसची नळी आखूड, क्युलेक्सची लांब. पायांवर पांढरे पट्टे असलेला, दिवसा चावणारा तो एडिस, आणि शेपूट वर करून भिंतीवर तिरका बसतो तो अॅनाफिलीस. एकदा का आजीने स्वतःच्या डोळ्यांनी अळी वळवळताना पाहिली की मग तीच शेजारणीच्या बॅरलमध्ये डोकावायला जाते. माझा तीस वर्षांचा अनुभव आहे, चित्रांची पत्रकं वाटून हे होत नाही.

माझी स्वतःचीही गोष्ट सांगून टाकते. निवृत्तीनंतरच्या पहिल्या पावसाळ्यात माझ्याच घरात अळ्या निघाल्या. फ्रीजच्या मागच्या खालच्या ट्रेमध्ये. सगळ्या गावाची भांडी तपासली आणि स्वतःचा फ्रीज कधी सरकवला नाही. तो ट्रे, मनी प्लँटची बाटली, कुंडीखालची ताटली हे सगळं सोमवारच्या यादीत टाका.

घराबाहेर पडलात की खाडीच्या बाजूने एक फेरी मारा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, ट्रॉलर आणि होड्या ओढून वर घेतलेल्या. होडीच्या कडेला धक्का बसू नये म्हणून टांगलेले जुने टायर पाहिलेत? टायर कसाही टांगा, त्याच्या पोटात पाणी राहतंच. हात घालून काढता येत नाही, ऊन पोचत नाही, आत पालापाचोळा कुजलेला. डासाला याहून चांगलं बाळंतपणाचं माहेर नाही. प्रत्येक टायरला सर्वांत खालच्या जागी गिरमिटाने भोक पाडायचं, काम दहा मिनिटांचं. ताडपत्री झाकलेल्या होडीच्या खळग्यांत साठलेलं पाणी, जेटीवरचे थर्माकोलचे फुटके खोके, मोडके क्रेट, हेही तेव्हाच. नारळी पौर्णिमेआधी एकदा सगळ्या नाखवांना सांगितलंत तर ते ऐकतात, तेव्हा होडीची डागडुजी चालूच असते.

परसात करवंट्या आणि पोफळीच्या गळून पडलेल्या विऱ्या, म्हणजे पानांचे रुंद देठ. करवंटी उपडी टाकणं ही सवय आहे, सवय लागायला एक पावसाळा जातो. दोडामार्गच्या बाजूला कोणी नातेवाईक रबर लावून बसले असतील तर त्यांना चीक धरायच्या वाट्या उपड्या ठेवायला सांगा, पावसात त्या वाट्या डासांनी भरतात. चिरेखाणींचं वेगळं. तिथे साठलेलं पाणी खोल आणि स्वच्छ, त्यात अॅनाफिलीस होतो. खाण चालवणाऱ्याकडून पाणी उपसून घ्या किंवा आरोग्य सेवकाला सांगून गप्पी मासे सोडा. पण गप्पी व्हाळात किंवा नदीत सोडू नका. ते बाहेरचे मासे, तिथले आपले मासे हुसकावून लावतात. टाकी, बंदिस्त खड्डा, वापराबाहेरची विहीर, एवढ्यापुरतेच ते बरे.

संडासाच्या टाकीच्या व्हेंट पाइपला जाळीचं फडकं बांधायचं, हे सांगून पुढे जाते. त्यातून क्युलेक्स निघतो, हत्तीरोगाचा. सिंधुदुर्ग हत्तीरोगाच्या जिल्ह्यांपैकी एक, म्हणून कधीतरी रात्री साडेआठ-नऊनंतर रक्त घ्यायला माणसं दारात येतील. ते जंतू रात्रीच बाहेरच्या रक्तात उतरतात, म्हणून ती वेळ. त्यांच्यावर कुत्रं सोडू नका.

आता चुलत दिरांचं घर. खरं तर सगळ्या पत्रात हेच अवघड आहे, बाकीचं काथ्याने होतं.

तुम्ही एकट्याने त्या आवारात पाऊल टाकू नका, हे तुमचं बरोबर आहे. पण वाडीत बंद घरं ११ आहेत. पत्र एका घराला गेलं की ते भांडण होतं, अकराही घरांना एकाच मजकुराचं गेलं की ते ग्रामपंचायतीचं काम होतं. ग्रामसेवकांच्या (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) सहीने, शिक्का मारून, सगळ्यांना. त्यात तीन गोष्टी मागा. एक, विश्वासातल्या कोणाकडे तरी किल्ली ठेवा, ती तुमच्याकडे नको, पोलीस पाटलांकडे किंवा वाडीतल्या एखाद्या मानकऱ्याकडे. दोन, जून ते ऑक्टोबर दर पंधरा दिवसांनी आशाताई आणि दोन पंच आवारात जाऊन पाण्याची भांडी पाहतील याला होकार. तीन, टाकीवर जाळी मारायची परवानगी, खर्च ग्रामपंचायतीचा. गावच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला अबंधित निधी, म्हणजे गरजेप्रमाणे खर्च करता येणारे पैसे, असतो, जाळीसाठी तो पुरतो. कशालाही हात लावल्यावर लगेच फोटो मालकाच्या मोबाइलवर. कोर्टात दावा असलेल्या माणसाला भीती असते ती वस्तू हलवल्याची, हद्दीचा दगड सरकल्याची. फोटो गेला की ती भीती निम्मी होते.

पत्र पोस्टाने पाठवू नका. मे महिन्यात ते स्वतः आंबे उतरवायला येतील, तेव्हा हातात द्या, तुम्ही नाही, ग्रामसेवकांनी. आणि जाताना घर कसं बंद करायचं याचा एक कागद सोबत: हंडे-कळशा उपड्या, फ्लशची टाकी रिकामी, कमोडवर प्लास्टिक ताणून दोरीने बांधलेलं, गच्चीवरच्या टाकीचं झाकण बसलंय का बघितलेलं. सहा महिने बंद घराच्या कमोडमध्ये डास होतात, हे ऐकून मुंबईकरांचे चेहरे बघण्यासारखे होतात. चतुर्थीला त्यांचीच मुलं त्या घरात झोपणार आहेत, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं. तुमच्या दिरांनाही मुलं असतील.

आकडे लपवतात का? तुमच्या वाडीचा राग समजतो, पण गोष्ट दोन वेगवेगळ्या तपासण्यांची आहे. खासगी लॅबमध्ये वीस मिनिटांत पट्टी दाखवते ती जलद चाचणी. सरकारी नोंदीत पक्का रुग्ण धरतात तो एलायझा या प्रयोगशाळेतल्या चाचणीवरच. तापाच्या पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ ही विषाणूच्या प्रथिनाची एलायझा, पाचव्या दिवसानंतर आयजीएम, म्हणजे शरीराने तयार केलेल्या प्रतिपिंडांची. हा नमुना तालुक्यातून जिल्ह्याच्या सेंटिनल केंद्रात, म्हणजे नेमून दिलेल्या प्रयोगशाळेत जातो, किट पुण्याच्या एनआयव्हीतून (राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतून) येतात. सात जणांपैकी किती जणांचं रक्त तिथे गेलं? मला वाटतं, एकाचंच. बाकीच्यांनी पट्टी पाहिली, प्लेटलेट पाहिल्या, सलाइन लावलं, घरी आले. खोटा आकडा कोणी लिहिला नाही, सहा आकडे पोचलेच नाहीत. खासगी डॉक्टरांनी डेंग्यूचा रुग्ण कळवणं बंधनकारक आहे. कळवलं जात नाही तिथे भांडा, तिथे तुमचा आवाज खरा उपयोगी पडेल. मुलाच्या टेस्टवर तारीख आणि तापाचा कितवा दिवस लिहिलेला असला पाहिजे, नाहीतर तो कागद आरोग्य केंद्राला वाचता येत नाही.

वेळेवर पोचलेल्या नमुन्याने काय होतं ते २०२१ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यात बेलसर गावी दिसलं. जुलैमध्ये गावात तापाचे रुग्ण वाढले, रक्ताचे नमुने एनआयव्हीत गेले. चिकनगुन्या निघाला, पथक गावात गेलं, आणखी नमुने घेतले आणि त्यात झिका हा एडिसच पसरवतो तो आणखी एक विषाणू सापडला. महाराष्ट्रातला पहिला. गावात कोणीतरी "ताप वाढलाय" एवढंच वर कळवलं होतं, झिकाचं नाव तेव्हा कोणाच्या तोंडी नव्हतं.

उलटंही झालेलं आहे. स्वातंत्र्याच्या वेळी देशात हिवतापाचे वर्षाला साडेसात कोटी रुग्ण आणि आठ लाख मृत्यू, असा अंदाज होता. डीडीटी आणि घरोघर फिरणारी माणसं यांनी १९६५ पर्यंत तो एक लाखाच्या आसपास आणला. मग सगळे निवांत झाले, माणसं कमी, फेऱ्या कमी, आणि १९७६ मध्ये आकडा ६४ लाखांवर गेला. मी नोकरीला लागले तेव्हा जुने आरोग्य सेवक हे सांगायचे आणि मला दाराच्या मागे लिहिलेल्या भेटीच्या तारखा दाखवायचे. ज्या घरामागच्या तारखांत मोठी फट, त्या घराची चौकशी जास्त. मला पोरं 'रक्तवाली' म्हणायची. बोट टोचायचं, काचपट्टीवर एक जाड थेंब, एक पातळ पसरवलेला, आणि पातळ भागावर साध्या शिसपेन्सिलीने नंबर. त्यावर शाई टिकत नाही, पेन्सिल टिकते. तेव्हा रक्त घेतलं की लगेच चार क्लोरोक्विनच्या गोळ्या द्यायचो, निकालाआधीच. आता तसं करत नाहीत, आधी तपासणी, मग औषध. आणि व्हायवॅक्स प्रकारचा हिवताप निघाला तर क्लोरोक्विन तीन दिवस आणि प्रायमाक्विन १४ दिवस. चौथ्या दिवशी ताप गेला म्हणून प्रायमाक्विन सोडणारे पुष्कळ, आणि त्यांनाच दोन-तीन महिन्यांनी पुन्हा हुडहुडी भरते, कारण जंतू यकृतात झोपून राहतो. गरोदर बाई आणि तान्ह्या बाळाला मात्र ते औषध नाही, म्हणून ते आरोग्य केंद्रातूनच घ्यायचं.

वाडीत तुम्हाला दोन वह्या लागतील, मोबाइलचा ग्रुप नको. ग्रुपवर गुड मॉर्निंग येतात. पहिली वही भांड्यांची. समजा सोमवारी बंद ११ सोडून ३१ घरं पाहिलीत, ९ घरांत अळ्या निघाल्या, एकूण १४ भांड्यांत. घरांचा निर्देशांक २९ टक्के. दर शंभर घरांमागे अळ्यांची भांडी ४५, याला खात्यात ब्रेटो निर्देशांक म्हणतात. पुढच्या सोमवारी आकडा खाली आला की नाही, एवढं बघा. आणि अळ्या कोणत्या भांड्यात, ते लिहा. १४ पैकी ८ बॅरल निघाले तर करवंट्यांच्या मागे लागण्यात अर्थ नाही. बंद घरांसाठी 'पाहिलं नाही' असं वेगळं लिहा, शून्य लिहू नका. मी अशी शून्यं लिहिलेली नोंदवही पाहिली आहे आणि त्याच घरातून साथ निघालेली पाहिली आहे.

दुसरी वही तापाची. तारीख, घर, वय, तापाचा कितवा दिवस, रक्त दिलं का, गेल्या पंधरा दिवसांत बाहेरगावी गेला का किंवा पाहुणा आला का. तिच्यात एक पान अशा माणसांसाठी ठेवा जी तुमच्या ४२ घरांत नाहीत: आंबा बागेत झोपडीत राहणारे नेपाळी राखणदार, चिरेखाणीवरचे कामगार, ऑगस्टमध्ये ट्रॉलरवर येणारे बाहेरचे खलाशी. त्यांचं नाव आशाताईंच्या घरयादीत नसतं. ताप आला तर दुकानातून गोळी घेऊन दुसऱ्या दिवशी कामावर. त्यांना 'रोग आणणारे' म्हणून हाकलून देण्याइतका दुसरा मूर्खपणा नाही, मग ते ताप लपवतात. कामावर आले त्या आठवड्यात मालकाने त्यांना एकदा आरोग्य केंद्रात आणावं, मुकादमाला तेवढं सांगा.

तापात काय करायचं तेही लिहून ठेवा, कारण आपल्याकडे पावसाळ्यातला ताप म्हणजे फक्त डेंग्यू नाही. गुडघाभर चिखलात लावणी केली असेल, पायाला चीर असेल, पोटऱ्या दुखत असतील, डोळे लाल असतील तर लेप्टोस्पायरोसिस, तो उंदराच्या मुतातून. त्याचं औषध वेगळं आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू झालं तर माणूस वाचतो. थंडीच्या दिवसांत रानात माकडं मेलेली दिसली आणि ताप आला तर माकडताप, बांदा-दोडामार्गकडचे लोक त्याला ओळखतात, तो गोचिडीचा. म्हणून डॉक्टरला शेत, रान, प्रवास तिन्ही सांगा. रक्त तपासल्याशिवाय ठरवू नका. तोवर पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, पेज, शहाळं. ब्रुफेन, अॅस्पिरिन नाही, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. पपईच्या पानांच्या रसावर विसंबून घरी बसू नका.

ताप उतरला की लोक सुटकेचा श्वास टाकतात आणि नेमके तेव्हाच डेंग्यूचे धोक्याचे दोन दिवस सुरू होतात. पोटात सारखं दुखणं, थांबता न थांबणारी उलटी, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार, मूल नेहमीसारखं न बोलता पडून राहणं, यातलं एकही दिसलं तर १०८. प्लेटलेटचा आकडा पाहून घाबरण्यापेक्षा ही यादी फ्रीजवर चिकटवा.

आणि रुग्णाला दिवसा मच्छरदाणीत झोपवा. हे कोणीच करत नाही. रात्री मच्छरदाणी लावतात आणि सकाळी आवरून ठेवतात, तर एडिस चावतो सकाळी आणि दिवस मावळायच्या आधी. तापाचे पहिले पाच-सहा दिवस रुग्ण चावला गेला नाही, तर घरातल्या डासाला विषाणू मिळण्याची शक्यता बरीच कमी होते. गेल्या वर्षी तुमचा मुलगा पडवीत झोपाळ्यावर पडला होता का, ते आठवून बघा.

यंदा चतुर्थीला मुंबईच्या गाड्या यायला लागल्या की आशाताईंना घेऊन एक फेरी मारा, कोणाला ताप आहे का एवढं विचारायला. दिरांच्या दारातही जा. त्या दिवशी भांडण काढायची कोणाची पद्धत नाही, पानाला बोलावतात. टाकी आठवड्याभरात रिकामी करून घासायची आहे आणि काथ्या तुमच्याकडे आहे, हे तेव्हा सांगता येईल.